भोरडी ओळखताना: नवशिक्या निरीक्षकासाठी ऑगस्ट ते एप्रिलची वाटचाल

भोरडी बहुतेक नवशिक्यांच्या मनात गुलाबी असते, आणि म्हणूनच ती त्यांना दिसत नाही. काळे डोके, काळे पंख आणि मधल्या अंगाचा फिकट गुलाबी रंग असे पुस्तकातले चित्र डोळ्यांसमोर ठेवून मंडळी माळावर जातात, सप्टेंबरात विजेच्या तारेवर बसलेली मातकट रंगाची, पिवळट चोचीची पाखरे पाहतात, वहीत ‘कुठलीतरी मैना’ असे लिहितात आणि पुढे निघतात. ती पाखरे भोरडीचीच असतात. या पक्ष्याचा रंग महिन्यागणिक बदलत जातो. म्हणून भोरडी ओळखायला शिकणे म्हणजे एका दिवसात एक चित्र जुळवणे नसून एकाच पक्ष्याच्या मागे ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत राहणे आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी तिची थोडी ओळख. भोरडीला गुलाबी मैना आणि पळसमैना अशीही नावे आहेत. शास्त्रीय नाव पास्टर रोझियस. लॅटिनमध्ये पास्टर म्हणजे मेंढपाळ आणि रोझियस म्हणजे गुलाबी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ साली तिची नोंद केली तेव्हा तिला कस्तुर पक्ष्यांच्या गटात बसवले होते. आज ती मैनांच्या कुळात, म्हणजे गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या परिवारातच, स्वतंत्र प्रजाती म्हणून मानली जाते. तिची वीण मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात होते. कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, चीनचा शिनजियांग प्रांत हा तिचा मुख्य मुलूख, आणि पश्चिमेला इराण, तुर्कस्तान, युक्रेन, रुमानियापर्यंत तो पसरलेला आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे बरेचसे पक्षी सरळ उत्तरेकडून उतरतात. भोरडी मात्र मुख्यतः वायव्येकडून आणि पश्चिमेकडून येते. तिचा हिवाळी मुक्काम जवळजवळ सगळा भारतात आणि श्रीलंकेत असतो. वीण उरकायला तिला दोन-अडीच महिने पुरतात, आणि बाकीचा काळ ती प्रवासात किंवा आपल्याकडे असते. वर्षातले आठ-नऊ महिने जो पक्षी आपल्या शिवारात काढतो त्याला पाहुणा म्हणायचे ते केवळ रूढी म्हणून.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

वायव्य भारतात पहिल्या भोरड्या जुलै-ऑगस्टमध्येच उतरतात. महाराष्ट्रात ऑगस्टच्या उत्तरार्धापासून त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. सुरुवातीला दहा-वीस पाखरांच्या टोळ्या दिसतात, मग थवे वाढत जातात, आणि जानेवारी ते मार्च या काळात शेकडो-हजारोंचे थवे दिसू शकतात. एप्रिलमध्ये परतीची घाई सुरू होते आणि मे महिन्यात बहुतेक ठिकाणी एकही भोरडी उरत नाही. कोणत्या वर्षी किती येतील याचा भरवसा नसतो; एखाद्या गावाच्या शिवारात एका वर्षी आभाळ भरते आणि पुढच्या वर्षी मोजकीच पाखरे दिसतात.

जागा निवडताना दाट जंगल सोडून द्यावे. भोरडी मोकळ्या रानाची आहे. दख्खनच्या पठारावरची ज्वारी-बाजरीची शेते, गायरान, माळरान, वड-पिंपळ-उंबराची फळे पिकलेली झाडे, तळ्याकाठच्या बाभळी आणि गवताच्या बेटांच्या आसपास ती हमखास भेटते. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणच्या परिसरात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्यांनी संध्याकाळी थोडा वेळ अधिक थांबावे. तिथे भोरड्यांचे मोठे थवे अनेकांनी पाहिले आहेत.

सामानात ८ × ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. कॅमेरा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना घरी ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कॅमेरा हातात असला की डोळा एका पाखरावर खिळतो आणि थवा काय करतो आहे ते सुटून जाते.

दुसरी पायरी: पक्ष्याआधी थवा पाहा

भोरडी एकटी फारच क्वचित सापडते. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी उघड्या डोळ्यांनी थव्याची चाल पाहावी, कारण अर्धी ओळख तिथेच पटते. साळुंक्या जोडीने किंवा सैल टोळीने, पंख सावकाश हलवत उडतात आणि त्यांच्या पंखांवरचे पांढरे पट्टे लांबूनही चमकतात. भोरड्यांचा थवा घट्ट बांधलेला असतो. पंख टोकदार, त्रिकोणी, उड्डाण वेगवान आणि सरळ, आणि पंखांवर पांढरे काही नाही. थवा वळला की सगळी पाखरे एकदम वळतात, आणि उतरला की चादर पसरावी तसा जमिनीवर पसरतो.

जमिनीवर चरणारा थवा किमान दहा मिनिटे पाहत बसावे, कारण इथे भोरडीची एक खास सवय दिसते. सगळी पाखरे एकाच दिशेने, झपाझप पावले टाकत, गवतातले नाकतोडे टिपत पुढे सरकतात. मागे राहिलेल्यांना चरून झालेले रान मिळते, म्हणून ती उडून पुढच्यांच्या डोक्यावरून जातात आणि सर्वांत पुढे उतरतात. काही क्षणांनी त्यांच्यावरून आणखी मागची उडतात. लांबून पाहिले तर थवा चाकासारखा गडगडत शेतातून चालला आहे असे वाटते. गुरे चरत असतील तर थवा त्यांच्या पायांपाशी घोटाळतो, कारण खुरांमुळे उठलेले किडे आयते मिळतात. शास्त्रीय नावातला मेंढपाळ इथेच आठवतो.

तिसरी पायरी: एका पक्ष्यावर थांबा

थवा बसला की काठावरचे एक पाखरू निवडून दुर्बिणीतून त्याला ठरावीक क्रमाने पाहावे: चोच, डोके, गळा, पाठ, पंख, कंबर, शेपटीखालचा भाग, पाय. क्रम ठरलेला असला की पाखरू मध्येच उडाले तरी हातात काहीतरी राहते.

भोरडी साळुंकीपेक्षा किंचित लहान, सुमारे २१ सेंटीमीटर लांबीची असते. प्रौढ नराचे डोके, गळा आणि छातीचा वरचा भाग काळा असतो, आणि उन्हात त्यावर जांभळी झाक येते. डोक्यावर मागे झुकलेला लांब तुरा असतो; तो वाऱ्याने किंवा भांडणात उभा राहिला की चटकन लक्षात येतो, एरवी मानेवर चापून बसलेला असतो. पंख आणि शेपटी हिरवट झाकेची काळी. पाठ, कंबर, पोट आणि कुशी गुलाबी. मांड्या आणि शेपटीखालचा भाग पुन्हा काळा. ही खूण पाखरू तारेवर बसलेले असताना खालून पाहणाऱ्याला फार उपयोगी पडते. पाय गुलाबीसर असतात. मादी साधारण अशीच, पण रंगाने मळकट आणि आखूड तुऱ्याची असते. नर-मादी ओळखण्याचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये, कारण हिवाळ्यातला तरुण नर आणि प्रौढ मादी यांच्यात अनुभवी माणसेही अडखळतात.

आवाजाकडे लक्ष द्यावे. थवा उडताना कर्कश, तुटक आवाज करतो, आणि झाडावर बसल्यावर सगळ्यांची मिळून एक अखंड बडबड चालते. तिच्यात घर्षणाचे, शिट्टीचे आणि गुळण्या केल्यासारखे स्वर एकमेकांत मिसळलेले असतात. पानांनी भरलेल्या वडात एकही पाखरू दिसत नसताना या बडबडीवरून भोरड्या ओळखता येतात, आणि एकदा कान तयार झाला की दुर्बिणीची गरज निम्मी होते.

चौथी पायरी: गल्लत कुठे होते

सर्वांत जास्त गल्लत ब्राह्मणी मैनेशी होते, जिला भांगपाडी मैना असेही म्हणतात. तिलाही काळा तुरा आहे आणि अंगावर गुलाबीकडे झुकणारा बदामी रंग आहे. नवशिक्याने एकच प्रश्न विचारावा: गळा कोणत्या रंगाचा आहे? ब्राह्मणी मैनेची काळी टोपी डोळ्यांच्या वरच संपते आणि गाल, गळा, छाती बदामी असते; भोरडीचा काळा बुरखा गळ्यावरून छातीपर्यंत उतरतो. शिवाय ब्राह्मणी मैनेची पाठ राखाडी, चोच पिवळी व बुडाशी निळसर, आणि उडताना शेपटीची पांढरी टोके दिसतात. ती बहुधा जोडीने किंवा लहान टोळीने हिंडते.

साळुंकीची तपकिरी पाठ, डोळ्यामागचे पिवळे कातडे आणि पंखांवरचे पांढरे डाग पाहिले की शंका उरत नाही. कवडी मैना काळी-पांढरी असते आणि तिच्या डोळ्याभोवती नारिंगी कातडे असते.

एक गल्लत पक्ष्यांची नसून नावांची आहे. ज्वारीवर पडणारा आणखी एक स्थलांतरित पक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. भारीट आणि भोरडी ही नावे बोलण्यात एकमेकांच्या इतकी जवळ येतात की गावात चौकशी करताना कोणत्या पाखराविषयी बोलणे चालले आहे ते ठरवून घ्यावे लागते. पक्षी समोर आला की अडचण नाही: भारीट चिमणीपेक्षा थोडाच मोठा, दाणे फोडायला योग्य अशी जाड शंकूसारखी चोच असलेला, आणि नराचे पोट पिवळेधमक असते.

पाचवी पायरी: मातकट पाखरे आणि उजळत जाणारा रंग

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या सप्टेंबरच्या पाखरांकडे वळू. त्या वर्षी जन्मलेली भोरडी वाळूच्या रंगाची असते. पंख त्याहून गडद, पोट फिकट, तुरा जवळजवळ नाहीच. तिला ओळखण्याच्या दोन खुणा मनात पक्क्या कराव्यात. पहिली, आखूड चोच, जी पिवळी असून वरच्या कडेला थोडी काळपट असते. दुसरी, उडताना गडद पंख आणि शेपटी यांच्यामध्ये उठून दिसणारी फिकट कंबर. पुढच्या आठवड्यांत या पाखरांची पिसे बदलू लागतात, डोक्यावर काळेपणा चढतो, आणि नोव्हेंबरच्या सुमारास थव्यात अर्धवट मातकट, अर्धवट काळी अशी ठिगळे लावल्यासारखी पाखरे दिसतात.

प्रौढ पक्ष्याचेही असेच काहीसे आहे, पण कारण वेगळे आहे. नव्या पिसांची टोके तपकिरी-भुरकट असतात आणि ती खालच्या गुलाबी व काळ्या रंगावर पडदा धरतात. हिवाळाभर काट्याकुट्यांत, फांद्यांत, मातीत वावरताना ही टोके झिजून जातात आणि आतला रंग उघडा पडतो. पक्षी नवी पिसे न घालता, जुनीच झिजवून विणीच्या वेषात येतो. चोचही याच काळात मळकट तपकिरीवरून गुलाबी होते व तिचे बूड काळे पडते. म्हणून डिसेंबरात जी भोरडी धुळीत लोळल्यासारखी दिसते तीच मार्चअखेर झळझळीत दिसते. दर पंधरा दिवसांनी एकाच ठिकाणच्या थव्यातील पाखरांचा रंग वहीत एका ओळीत लिहून ठेवला, तर एका हंगामात हा बदल आपल्या हाताने टिपता येतो, आणि त्यातून जे कळते ते चित्रांवरून कधीच कळत नाही.

सहावी पायरी: फुललेल्या झाडाखाली बसा

वर्षातून एकच दिवस भोरडीसाठी काढता येणार असेल, तर तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस किंवा पांगारा फुलल्यावर काढावा. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशा बेताने झाडापासून पंचवीस-तीस पावलांवर खाली बसावे आणि हालचाल करू नये. उडालेली पाखरे पहिल्या पाच मिनिटांत परत येतात.

काटेसावरीचे फूल मांसल पाकळ्यांचे, पेल्यासारखे असते आणि त्याच्या तळाशी पातळ मध साचलेला असतो. भोरडी फुलाच्या काठावर पाय रोवते, मान खाली घालते, आणि डोके पुंकेसरांच्या झुबक्यात पार नाहीसे होते. बाहेर फक्त गुलाबी पाठ आणि तोल सावरणारी शेपटी दिसते. डोके वर येते तेव्हा तुरा चिकटून आडवा झालेला असतो आणि काळ्या कपाळावर परागांची धूळ बसलेली असते. ती चोच फांदीवर दोनदा घासते, शेजारच्या भोरडीवर खेकसून तिला हुसकावते आणि पुढच्या फुलात डोके घालते. हीच धूळ दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचते. परागीभवनाचे काम डोळ्यांसमोर इतक्या उघडपणे चाललेले फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. पळसमैना हे नाव कुणीतरी अशाच झाडाखाली बसून दिले असणार.

वड, पिंपळ आणि उंबर पिकले की तिथेही अशीच झुंबड उडते. घाणेरीची फळेही त्या आवडीने खातात.

सातवी पायरी: ज्वारीच्या शेतात, शेतकऱ्याच्या बाजूने

रब्बी ज्वारीची कणसे दुधात येतात तेव्हापासून काढणीपर्यंत ‘भोरड्या पडल्या’ हे शब्द शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारे असतात. काही मिनिटांत एक थवा कणसांची चाळण करून जातो. पूर्वी घरोघरी पाखरे राखायला माळा घातला जायचा आणि त्यावर बसलेला राखण्या गोफण फिरवत, हाकाटी करत दिवस काढायचा. आज डबे, चमकणाऱ्या फिती आणि फटाके वापरले जातात. पक्षीनिरीक्षकाने या शेतात शिरताना परवानगी विचारावी, बांधावरूनच पाहावे, आणि राखणदार थवा उठवत असेल तर त्याला थांबवू नये. त्याचे पीक हे त्याचे वर्ष असते.

त्याच शेतकऱ्याजवळ बसून दुसरी बाजूही सांगता येते, पण आपल्या निरीक्षणाच्या आधारावर. ज्वारी नसलेल्या महिन्यांत भोरड्या काय खातात ते वहीत लिहिलेले असले तर नाकतोडे, टोळ आणि अळ्या यांची यादी दाखवता येते. विणीच्या मुलखात तर तिचे सगळे जीवन टोळांवर बेतलेले असते. ज्या वर्षी जिथे टोळ माजतात तिथे हजारो जोड्या एकत्र येतात, दगडांच्या राशींत, कपारींत आणि भिंतींच्या भोकांत घरटी करतात, तीन ते सहा फिकट निळसर अंडी घालतात, आणि पिल्ले उडती झाली की सगळी वसाहत रिकामी करून निघून जातात. पुढच्या वर्षी त्या त्याच जागी येतील असे नाही. १८७५ साली इटलीत व्हेरोनाजवळच्या व्हिलाफ्रांका गावी, नेहमीच्या मुलखापासून खूप दूर, तिथल्या किल्ल्याच्या भिंतींत हजारो भोरड्यांनी वीण केली होती. शिनजियांगमध्ये १९८० च्या दशकापासून कीटकनाशकांच्या जोडीला, काही ठिकाणी त्यांच्याऐवजी, भोरड्यांना घरट्यांसाठी दगडांच्या राशी आणि विटांची घरे बांधून दिली जातात.

आठवी पायरी: रातथारा आणि मोजणी

पक्षी रात्री मुक्कामाला जिथे जमतात त्या जागेला रातथारा म्हणतात. भोरड्यांचा रातथारा बहुधा पाण्याजवळच्या बाभळींत, पाणकणसाच्या बेटात किंवा वस्तीतल्या दाट झाडांवर असतो, आणि बऱ्याचदा साळुंक्याही तिथेच असतात. तो शोधायचा असेल तर सूर्यास्तापूर्वी तासभर उंचवट्यावर उभे राहून थवे कोणत्या दिशेला जातात ते पाहावे. दोन वेगळ्या जागांवरून दोन संध्याकाळी दिशा टिपल्या की त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे रातथारा असतो.

थवे लगेच झाडात उतरत नाहीत. ते आभाळात एकत्र होतात, ताणतात, आखडतात, मध्येच गडद होतात, मध्येच विरळ. एखादा बहिरी ससाणा किंवा भोवत्या आला की थवा क्षणात गोळा होतो, कारण घट्ट गर्दीतून एक भक्ष्य वेगळे काढणे शिकाऱ्याला जड जाते. यात कुणी म्होरक्या नसतो. रोम शहरावर उडणाऱ्या युरोपीय मैनांच्या थव्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले की प्रत्येक पक्षी आपल्या सर्वांत जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांच्या हालचालींशी स्वतःची हालचाल जुळवतो. तो अभ्यास दुसऱ्या प्रजातीचा आहे हे ध्यानात ठेवूनही, भोरड्यांचा थवा पाहताना ते आठवले की नजर आपोआप थव्याच्या कडांकडे जाते, आणि वळण कुठून सुरू झाले ते शोधू लागते.

मोजणीची सवय लहान थव्यापासून लावावी. आधी दहा पाखरे नीट मोजून ती थव्याचा केवढा भाग व्यापतात ते मनात धरावे, मग तसे दहा भाग म्हणजे शंभर, आणि शंभराचा तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते पाहावे. थवे ओळीने येत असतील तर एका मिनिटात किती पाखरे एका झाडावरून पुढे गेली ते मोजून एकूण मिनिटांनी गुणावे. नवशिक्याचा अंदाज सहसा कमीच निघतो. फिरणाऱ्या गोळ्याकडे पाहून ‘लाखभर’ लिहिण्यापेक्षा ‘किमान ३,०००’ अशी नोंद कितीतरी मोलाची असते.

रातथाऱ्यावर विजेरीचा झोत टाकू नये, झाडाखाली जाऊ नये आणि ड्रोन मुळीच उडवू नये. अंधारात उठवलेला थवा तारांवर आदळतो.

नववी पायरी: नोंद

दर फेरीनंतर तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, मातकट पाखरांचे आणि प्रौढांचे प्रमाण, काय खात होती, आणि सोबत कोणते पक्षी होते एवढे लिहावे. ही नोंद ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चढवली तर ती देशभरच्या नोंदींत मिळते. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेत, ज्यात भारत २०१३ पासून सहभागी आहे, भाग घेणे हा नवशिक्यासाठी चांगला आरंभ आहे. भोरड्या दिसल्या नाहीत तर तेही लिहावे. कुठल्या आठवड्यात पाखरे नव्हती हे कुणी लिहिलेलेच नसेल, तर ती कधी आली हे सांगता येत नाही.

एप्रिलमध्ये फेऱ्या वाढवाव्यात. रातथाऱ्यावरची संख्या एखाद्या संध्याकाळी अचानक निम्म्यावर येते, मग पुन्हा थोडी वाढते, कारण दक्षिणेकडचे थवे वाटेत मुक्काम करून जातात. शेवटी एका संध्याकाळी बाभळीत फक्त साळुंक्यांचा आवाज असतो. ती तारीख वहीत अधोरेखित करावी, त्यानंतरही आठवडाभर तिथे जाऊन खात्री करावी, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धापासून विजेच्या तारांवरची मातकट, पिवळट चोचीची पाखरे पुन्हा तपासायला सुरुवात करावी.